कोकणातल्या शाखेसाठी व्हीसॅट: सी बँड की केयू?

फायबर खोदकामात तुटतो, टॉवर डिझेल संपलं की गप्प होतो, म्हणून बँकेच्या शाखेला किंवा एटीएमला व्हीसॅट (लहान डिशवरून उपग्रहामार्फत चालणारी जोडणी) घ्यायचं ठरतं. मग दोन कोटेशनं समोर येतात: 1.2 मीटरची केयू बँड डिश, नाहीतर 2.4 मीटरची सी बँड (हे उपग्रहाच्या रेडिओ लहरींचे दोन पट्टे). मे महिन्यापर्यंत दोन्हींत डावं-उजवं करण्यासारखं काही नसतं, म्हणून वेग, मोडेम, मासिक दर यांत शिरत नाही. खरा निकाल जून ते सप्टेंबरमध्ये लागतो.

उपग्रह 36,000 किलोमीटरांवर असला तरी पाऊस सिग्नल खातो तो जमिनीलगतच्या पाच-सहा किलोमीटरांतच. तासाला 100 मिलिमीटर वेगाची सर असेल तर केयूत खाली येणाऱ्या 12 गिगाहर्ट्झला दर किलोमीटरमागे 4 ते 5.5 डेसिबल जातात (3 डेसिबल गेले की सिग्नलची ताकद निम्मी), वर जाणाऱ्या 14 गिगाहर्ट्झला साडेपाच ते सात. सी बँडला खाली येणाऱ्या 4 गिगाहर्ट्झवर हाच आकडा 0.2 च्या आत राहतो, वर जाणाऱ्या 6 गिगाहर्ट्झवर 1 च्या आसपास. थेंब दोन ते पाच मिलिमीटरचा. केयूची लहर अडीच सेंटिमीटरची, सी बँडची साडेसात. लहर जितकी आखूड, तितका थेंब तिला जास्त खातो. शिवाय भिजलेलं आभाळ एलएनबीला (डिशवर आलेला क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या यंत्राला) गरम दिसतं आणि रेडिओ गोंगाट वाढतो. त्यामुळे केयूत पावसाने 3 डेसिबल खाल्ले की प्रत्यक्षात सहाच्या आसपास गमावल्यासारखं होतं. लिंक बजेटच्या कागदावर (सिग्नल कुठे किती मिळतो आणि जातो, याच्या हिशेबात) हा गोंगाट धरला आहे का, ते आधी विचारावं.

त्याच कागदावर '99.5 टक्के उपलब्धता' असं लिहिलेलं असतं. वर्षाचे 8,760 तास, त्यांतला अर्धा टक्का म्हणजे साधारण 44 तास. ऐकायला ठीक वाटतं. पण हे 44 तास वर्षभर सारखे वाटलेले नसतात, बहुतेक सगळे चार महिन्यांत येतात.

तरी लिंक सरळ बंद पडली असती तर केयूबद्दल माझी एवढी तक्रार नसती. बंद यंत्रावर पाटी लावता येते. त्रास आहे तो अर्धमेल्या लिंकचा. पावसात आधी खचते ती वर जाणारी 14 गिगाहर्ट्झची बाजू. खाली येणारी बाजू तग धरते, मोडेमवर आरएक्सचा (सिग्नल येत असल्याचा) दिवा हिरवागार दिसतो. एटीएमची विनंती तीन-चार वेळा पुन्हा पाठवून कशीबशी पोचते, स्विच (एटीएमचे व्यवहार हाताळणारी मध्यवर्ती यंत्रणा) खात्यातून रक्कम वजा करतो, पण उत्तर येईपर्यंत यंत्राची वेळ संपलेली असते. नोटा बाहेर येत नाहीत. व्यवहार उलटवण्याचा संदेशही त्याच खचलेल्या बाजूने जायचा, तो रांगेत अडकतो. ग्राहक काउंटरवर येतो: "पैसे कापले, मिळाले नाहीत." रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या नियमानुसार व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम खात्यात परत गेली पाहिजे; उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई. भरीस भर म्हणजे लिंक गेली की टर्मिनल (शाखेतला डिश-मोडेमचा संच) हबमधून, म्हणजे सगळी टर्मिनलं जिथे जोडलेली असतात त्या मुख्य केंद्रातून, लॉगआउट होतं, आणि सर ओसरल्यावर त्या पट्ट्यातली सगळी टर्मिनलं एकदम परत आत यायला बघतात. आमच्या अनुभवात चार मिनिटांची सर दहा-बारा मिनिटांना पडते. मोजमाप म्हणून हे कोणी धरू नये, पण माझं मत इथेच फिरलं.

विक्रेते यावर एसीएमचं नाव घेतात: सिग्नल खचला की मोडेम आपोआप हळू पण जास्त टिकाव धरणाऱ्या पद्धतीवर उतरतो. ते काम करतं, यात वाद नाही. पण 8पीएसके 3/4 या वेगवान पद्धतीवरून क्यूपीएसके 1/2 या हळू पद्धतीवर उतरलं की मिळतात सुमारे सात डेसिबल, आणि वेग निम्म्याहून खाली जातो. वरच्या बाजूला पॉवर कंट्रोल असतं, पण बीयूसी (वर पाठवायचा सिग्नल वाढवणारं यंत्र) आधीच पूर्ण ताकदीवर चालत असेल तर वाढवायचं काय? बहुतेक कोटेशनांत सगळ्यात लहान बीयूसी धरलेली असते. 2 वॉटची 4 वॉट केली तरी हाती फक्त 3 डेसिबल येतात.

सी बँड म्हणजे सुख, असंही नाही. 2.4 मीटरच्या डिशला काँक्रीटचा पाया लागतो, भाड्याच्या इमारतीत मालक गच्ची देईलच असं नाही, आणि खाऱ्या वाऱ्यात नटबोल्ट गॅल्वनाइज्ड नसतील तर दोन पावसाळ्यांत गंजतात. नवीन डोकेदुखी 5जीची आहे. 3,300 ते 3,670 मेगाहर्ट्झ मोबाइलला गेले आणि उपग्रहाचा पट्टा तिथून जवळच, 3,700 पासून सुरू होतो. शेजारी टॉवर असला तर एलएनबी गुदमरतं. फीड (डिशसमोरचं सिग्नल गोळा करणारं तोंड) आणि एलएनबीच्या मध्ये बँडपास फिल्टर, म्हणजे फक्त उपग्रहाचा पट्टा आत सोडणारी चाळणी, बसवावा लागतो. त्यात अर्ध्या डेसिबलच्या आसपास जातो, पण तो खर्च परवडतो.

एक गोष्ट मात्र लोक उलटी धरतात. पाऊस एकूण किती पडतो यावर हे ठरत नाही, किती जोराने पडतो यावर ठरतं. घाटमाथ्यावर आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, पण त्यातला बराचसा बारीक थेंबांचा, दिवसभर झिमझिमणारा. केयू त्यात कुरकुरत का होईना चालतं. मराठवाड्यातला वळीव एकूण थोडा, पण वीस मिनिटं असा कोसळतो की केयू साफ बसतं. फरक इतकाच की तिथे हे वर्षातून मोजक्या वेळा होतं. म्हणून लातूर-परभणीकडे केयू खुशाल घ्यावं. किनारपट्टीवर जोरही आहे आणि वारंवारताही, तिथे जागा मिळत असेल तर मी सी बँडकडे झुकेन.

गच्ची मिळतच नसेल तर केयू घ्या, पण 1.2 ऐवजी 1.8 मीटरची डिश मागा. साडेतीन डेसिबल तिथेच मिळतात, वर जातानाही आणि खाली येतानाही. हब कोणत्या शहरात आहे तेही विचारा. तिथे कोसळला तर तुमच्याकडे ऊन असूनही लिंक डळमळेल. एटीएमची टाइमआउट मर्यादा स्विचवाल्यांशी बोलून पावसाळ्यापुरती वाढवून घ्या. केबल एलएनबीला जोडण्याआधी खाली झोळ देऊन वर न्या, म्हणजे पाणी कनेक्टरकडे न जाता झोळातून ठिबकतं. आणि मेअखेरीस फीडच्या तोंडावरचं पातळ झाकण बोटाने चाचपून बघा. उन्हाने तडकलेलं असेल तर आत पाणी शिरतं, आणि मग पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी लिंक परत येत नाही.