आभाळ सांभाळायचं कसं: फिल्टर की ब्रॅकेटिंग?

बेळगावजवळच्या राजहंसगडावरून पहाटे येळ्ळूरच्या शिवाराचा फोटो घेताना एक तर आभाळ पांढरंफटक पडतं, नाहीतर भातशेती काळी. उपाय दोन.

ग्रॅज्युएटेड एनडी फिल्टर म्हणजे लेन्ससमोर लावायची, वर गडद आणि खाली पारदर्शक काच. तो फक्त वरच्या भागातला प्रकाश अडवतो; ०.९ चा असेल तर ३ स्टॉप, म्हणजे तिथला प्रकाश एक अष्टमांश उरतो. एका क्लिकमध्ये काम होतं. पण क्षितिज सपाट हवं. मध्ये बुरूज आला की त्याचा माथाही काळवंडतो, आणि एडिटिंगमध्ये तो उजळताना नॉइज (रवाळ ठिपके) वर येतो. तिथे मी निःशंक ब्रॅकेटिंगच करेन: ट्रायपॉडवर -२, ०, +२ स्टॉप असे कमी, मध्यम, जास्त प्रकाशाचे ३ रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेले) फोटो, मग लाइटरूम या सॉफ्टवेअरमध्ये एचडीआर मर्ज, म्हणजे तिन्हींचा मिळून एक फोटो. सावलीतल्या दगडाचा पोत असा सुंदर उमटतो!

वारा असेल तर मात्र ब्रॅकेटिंगची पंचाईत. भात, ऊस प्रत्येक फोटोत वेगळा झुकलेला. गोकाकच्या धबधब्यावर तर घटप्रभा नदी पावसाळ्यात सुमारे ५२ मीटरवरून कोसळते. डीघोस्टिंग (हललेल्या गोष्टींच्या दुहेरी प्रतिमा काढणं) करूनही फेस तुटक दिसतो. तिथे फिल्टरच बरा, तुषार सतत पुसावे लागले तरी. समोरच्या काठावरून कड्याची रेघ बरीच सरळ मिळते, हे आणखी सोयीचं.

बजेट कमी असेल तर आधी ट्रायपॉड घ्या. तो दोन्हींकडे लागतो.