मोठा जोडीदार की स्वतःचं नाव? बायोएनटेक आणि मॉडर्ना

दोन्ही कंपन्यांचं तंत्र एकच, एमआरएनए, म्हणजे पेशींना प्रथिन बनवायची सूचना देणारा रेणू. २०२० उजाडलं तेव्हा दोघींचीही एकही लस किंवा औषध बाजारात नव्हतं.

जर्मनीतल्या माइन्झच्या बायोएनटेकनं फायझरचा हात धरला. ओळख जुनी होती; २०१८पासून दोघी मिळून फ्लूच्या लशीवर काम करत होत्या. म्हणून मार्च २०२०मध्ये करोनाच्या लशीसाठी विश्वास शून्यातून उभा करावा लागला नाही. माझ्या मते खरी कमाई तीच. करारही शहाणा: विकासाचा खर्च आधी फायझरनं उचलायचा, बायोएनटेकनं आपला निम्मा वाटा नंतर फेडायचा, नफा अर्धा-अर्धा. चीनसाठी मात्र फोसुन ही चिनी कंपनी वेगळी जोडीदार, म्हणजे सगळी अंडी एका टोपलीत नाहीत. याची किंमत? जग त्या लशीला ‘फायझरची लस’ म्हणतं.

अमेरिकेच्या मॉडर्नानं करोनाच्या लशीसाठी मोठी औषधकंपनी सोबत घेतली नाही. संशोधनाला एनआयएच ही अमेरिकी सरकारची आरोग्य-संशोधन संस्था, चाचण्यांना सरकारी पैसा, उत्पादनाला स्वित्झर्लंडची लोन्झा कंपनी. विक्री स्वतःच्या नावानं, नफ्यात निम्मा वाटेकरी नाही. पण पेटंटवर एनआयएचच्या शास्त्रज्ञांची नावं हवीत की नकोत, यावरून २०२१मध्ये वाद चव्हाट्यावर आला.

पुण्यात एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारातल्या व्हेंचर सेंटरमध्ये वाढणाऱ्या छोट्या कंपन्यांना मॉडर्नाची वाट मोहात पाडेल. तिच्यामागे अमेरिकेची तिजोरी होती, हे विसरू नये. मी असतो तर बायोएनटेकसारखा आधी एखादा छोटा करार करून जोडीदार पारखला असता, आणि पेटंटचं कलम पहिल्याच बैठकीत लिहून घेतलं असतं.