एक रुपयात ७ दिवस, मग महिन्याला ४९९

पासबुकात एक ओळ दिसते: ४९९ रुपये, यूपीआय मॅन्डेट, म्हणजे ठरावीक काळाने पैसे आपोआप कापायला दिलेली परवानगी. मागच्या महिन्यातही तीच, त्याच्या आधीच्या महिन्यातही. पैसे घेणाऱ्याचं नाव ओळखीचं वाटत नाही, कारण ॲपचं नाव एक आणि कंपनीचं कागदोपत्री नाव दुसरंच. मग हळूहळू आठवतं. कुंडली पाहायला, मालिकेचा पुढचा भाग उघडायला नाहीतर पोराचं इंग्रजी सुधारायला एक ॲप घेतलं होतं. 'फक्त १ रुपयात ७ दिवस' असं होतं. रुपया दिला, दोन दिवसांत कंटाळा आला, ॲप काढून टाकलं. विषय संपला असं वाटलं, पण ॲप गेलं तरी मॅन्डेट जागच्या जागी राहिलं.

असा फसलेला माणूस पहिलं वाक्य हेच म्हणतो: 'मी ओटीपी कुणालाच सांगितला नाही.' खरंच आहे ते. कुणी खातं हॅक केलेलं नसतं. पिन त्यानेच टाकलेला असतो. फक्त पिन कशासाठी टाकतोय ते समोर असूनही नजरेत भरू नये, अशी पडद्याची मांडणी असते. म्हणूनच हा प्रकार चोरीपेक्षा चिवट. बँकेच्या नोंदीत सगळं रीतसर दिसतं आणि शाखेत गेलं की उत्तर मिळतं, 'साहेब, परवानगी तुमचीच आहे.'

तर तो पडदा एकदा सावकाश वाचू. ॲपमध्ये मोठं रंगीत बटण असतं, '१ रुपया भरा'. ते दाबलं की यूपीआय ॲप उघडतं. इथे नेहमीचं पेमेंट नसतं, ऑटोपेचं मॅन्डेट असतं. वर ठळक १ रुपया, आणि खाली बारीक अक्षरांत चार गोष्टी: कमाल रक्कम, किती वेळाने कापणार, सुरुवात आणि शेवट. खरा करार या चार ओळींत असतो. कमाल रक्कम ४९९ असेल, ९९९ असेल, कधी जाहिरातीतल्या दराच्या कितीतरी पट असेल. पुढे दर वाढवला तरी ग्राहकाला पुन्हा विचारायला लागू नये, हा त्यातला हिशोब. 'साप्ताहिक' असेल तर १९९ ची किरकोळ वाटणारी वर्गणी महिन्याला आठशेच्या घरात जाते. आणि 'ॲज प्रेझेंटेड' असं काही दिसलं तर थांबाच. त्याचा अर्थ ठरावीक दिवस नाही. विक्रेता मागणी करेल तेव्हा, कमाल रकमेच्या आत. शेवटच्या तारखेकडे तर कुणी लक्षच देत नाही. ती वीस-तीस वर्षांनंतरचीही असू शकते.

एकदा पिन टाकला की पुढच्या हप्त्यांना पिन लागत नाही. रिझर्व्ह बँकेने ही सवलतीची मर्यादा २०२२ मध्ये ५,००० वरून १५,००० रुपयांवर नेली. विजेचं बिल भरणाऱ्याची सोय झाली हे खरं, पण ४९९ चा आकडा या मर्यादेखालून आरामात निघून जातो. बदल्यात एक संरक्षण आहे: पैसे कापण्याआधी किमान २४ तास सूचना आलीच पाहिजे. त्यात कोण, किती, केव्हा कापणार हे असतं, आणि तिथूनच नकार देण्याची सोयही असते. अडचण इतकीच की ही सूचना कर्जाच्या आणि सेलच्या वीस मेसेजांमध्ये येते. शंभरात एखादा ती उघडत असेल असं आपलं वाटतं.

आता कायद्याकडे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी 'डार्क पॅटर्न'विषयी, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या पडद्याच्या मांडणीविषयी, मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली. त्यांत असे १३ प्रकार नावानिशी दिले आहेत. वर्गणीच्या सापळ्याची व्याख्या वाचण्यासारखी आहे. रद्द करण्याची वाट लांबवणं किंवा लपवणं हे त्यात आहेच. शिवाय फुकट वर्गणीसाठी पैसे भरण्याचा तपशील किंवा ऑटो-डेबिटची मंजुरी द्यायला भाग पाडणं, हेही आहे. एक रुपयाची मेख इथे लक्षात येते. 'फुकट कुठे, रुपया घेतलाय की' असा युक्तिवाद करायला जागा उरते. तरीही बाहेर पडायची वाट लपवली असेल तर रुपया घेतल्याने सुटका होत नाही.

बाहेर पडायची वाट कशी लपवतात, याचं गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. ॲमेझॉनची प्राइम वर्गणी रद्द करायला चार पानं, सहा क्लिक आणि पंधरा पर्याय पार करावे लागत, असा तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनचा २०२३ च्या दाव्यातला आरोप होता. सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने २५० कोटी डॉलरवर तडजोड केली, गैरकृत्य मान्य न करता. घ्यायला एक टिचकी आणि सोडायला सहा, हे गणित कुठल्याही ॲपला लावून पाहता येतं. पैसे भरायच्या आधीच सेटिंगमध्ये जाऊन 'वर्गणी रद्द करा' सापडतं का बघावं. सापडलं नाही, किंवा 'कार्यालयीन वेळेत फोन करा' असं लिहिलेलं असलं, तर रुपयासुद्धा देऊ नये.

वर्गणीशिवायही पडद्यावरच्या हातचलाख्या बऱ्याच असतात. बसचं तिकीट घ्या. यादीत ८९९ दिसतात म्हणून ती गाडी निवडली. सीट निवडली, नाव-वय भरलं, मोबाइल नंबर टाकला, आणि शेवटच्या पानावर १,०१२ झाले. सुविधा शुल्क, प्रवास विमा, वर पाच रुपये कुठल्याशा संस्थेला दान. इथे दोन वेगळे प्रकार आहेत आणि तक्रार लिहिताना ते वेगळे लिहिले तर काम लवकर होतं. सक्तीचं शुल्क उशिरा दाखवणं म्हणजे ठिबक किंमत. न मागितलेला विमा किंवा दान आपोआप जोडणं म्हणजे टोपलीत सरकवणं. दुसऱ्यावर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांतही स्पष्ट बंदी आहे: ग्राहकाची संमती त्याच्या स्वतःच्या कृतीने घ्यायची, आधीच टिक करून ठेवलेली चौकट चालत नाही. तो विमा वगळायला गेलं तर 'नको, मी असुरक्षितच राहीन' असं बटण येतं. मार्गदर्शक तत्त्वांत लाज वाटायला लावण्याचं उदाहरण म्हणून जवळजवळ हेच वाक्य दिलंय, विमानाच्या तिकिटाचं.

आणि ते घड्याळ. 'ऑफर संपायला ०९:४२', 'आत्ता ३७ जण ही वस्तू पाहत आहेत', 'फक्त २ शिल्लक'. पारखायला सोपं आहे. तेच पान ब्राउझरच्या खासगी (इन्कॉग्निटो) विंडोत उघडा. घड्याळ पुन्हा दहा मिनिटांपासून सुरू झालं, तर ते घड्याळ नव्हेच, प्रत्येक येणाऱ्यासाठी नव्याने फिरणारी चावी आहे. बघणाऱ्यांचा आकडा पान ताजं केल्यावर ३७ चा २१ आणि २१ चा ४४ झाला, तर तो मोजलेला नसून दोन संख्यांच्या मधला कुठलाही उचललेला आहे. अशी तयार जोडणी दुकानाच्या सॉफ्टवेअरबरोबर मिळते. किमान २०, कमाल ५० भरलं की झालं.

इथेच आपल्याकडच्या लहान विक्रेत्यांची गोची होते. देवगडचा बागायतदार किंवा येवल्याचा पैठणीवाला वेबसाइट करून घेतो, करून देणारा टेम्प्लेट लावतो, आणि घड्याळ, गर्दीचा आकडा, टिक केलेली चौकट हे सगळं न विचारता येतं. मालक म्हणतो, 'मला माहीतच नव्हतं.' ग्राहकाला त्याच्याशी देणंघेणं नाही. हापूसची पेटी घरपोच पाठवायची असेल तर भाडं गावागणिक बदलतं, मान्य. मग पिनकोडची चौकट आंब्याच्या फोटोखालीच ठेवावी, पैसे भरायच्या पानावर नाही. डझनाचा दर, फळाचं साधारण वजन, भाडं आणि एकूण रक्कम एका नजरेत दिसली पाहिजे. प्रवासात फळ खराब निघालं तर किती तासांत फोटो पाठवायचा आणि पैसे किती दिवसांत परत, हे आकड्यांत लिहावं. 'योग्य ती कार्यवाही केली जाईल' हे वाक्य वाचून कुणीही दुसऱ्यांदा पेटी मागवत नाही. खात्याशिवाय खरेदी करू द्यावी. शिल्लक माल दाखवायचाच असेल तर खरा दाखवावा. हंगाम संपत आला की दोनच पेट्या उरतात हे ग्राहकालाही कळतं. वर्गणी विकत असाल, दूध असो की मासिक, तर मॅन्डेटची कमाल रक्कम दराइतकीच ठेवावी आणि ट्रायल संपायच्या तीन दिवस आधी स्वतःहून कळवावं. काही जण तिथेच सोडून जातील. ते तसेही राहणारे नव्हते, जाताना शिव्या देऊन गेले असते इतकंच.

पैसे गेलेच असतील तर आधी गळती थांबवा, भांडण नंतर. ज्या यूपीआय ॲपमधून मंजुरी दिली, त्यात प्रोफाइलमध्ये ऑटोपे किंवा मॅन्डेट असा भाग असतो. तिथलं मॅन्डेट उघडून रद्द करा; पिन विचारला जाईल, तो टाकावा लागतो. कार्ड दिलं असेल तर बँकेच्या ॲपमध्ये कार्डाखाली ई-मॅन्डेट शोधा. प्ले स्टोअरमधून घेतलं असेल तर तिथल्या पेमेंट आणि वर्गण्या या भागात, आयफोनवर सेटिंगमध्ये आपल्या नावाखाली. मॅन्डेट रद्द केल्याने पैसे कापणं थांबतं, पण कंपनीच्या लेखी वर्गणी चालू राहू शकते. म्हणून कंपनीला वेगळा मेल करा: वर्गणी बंद, अमुक तारखेपासून.

मग पुरावा. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, मॅन्डेटचा यूएमएन (ओळख) क्रमांक, कापलेल्या प्रत्येक रकमेचा यूटीआर (व्यवहार) क्रमांक, आणि रद्द करायचा प्रयत्न करताना जे जे पान आलं त्याचा वेळेसकट फोटो. हा शेवटचा सगळ्यात मोलाचा आणि तोच कुणाकडे नसतो. घाईने १९३० लावू नका; तो सायबर गुन्ह्यांसाठी आहे आणि पिन तुम्हीच टाकलेला असल्याने तिथे गाडी अडते. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल. ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची. नाही काढली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. मराठीत बोलता येतं. हेल्पलाइन मध्यस्थी करते, हुकूम देऊ शकत नाही. हुकूम हवा तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, मुदत दोन वर्षं.

रद्द केल्यावर एकदा स्थिती तपासा. काही ॲपांत 'थांबवा' आणि 'रद्द करा' ही बटणं शेजारी शेजारी असतात आणि 'थांबवा' जास्त ठळक असतं. थांबवलेलं मॅन्डेट थांबवण्याची मुदत संपली की पुन्हा चालू होतं.