अमेरिकेतले मतदानहक्काचे खटले इंदूरहून वाचायचे, तर कोणती सेवा घ्यावी?

अमेरिकेतल्या निवडणूक-खटल्यांवर मराठीत लिहिणारे बहुतेक जण सर्वोच्च न्यायालयाचं निकालपत्र वाचून थांबतात. खरी लढाई मात्र खालच्या कोर्टाच्या दप्तरात असते: नकाशे, तज्ज्ञांचे अहवाल, उलटतपासण्या. इंदूर खंडपीठातल्या वकिलांना आणि इथल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना हे दप्तर घरबसल्या मिळतं का, या एका निकषावर चार सेवा तपासल्या आहेत. कस लावायला अलाबामाचा मिलिगन खटला घेतला, कारण सगळ्या खाचाखोचा त्यात एकदम सापडतात.

राज्यात कृष्णवर्णीय सुमारे २७ टक्के, पण लोकसभेसारख्या त्यांच्या प्रतिनिधीगृहाच्या सातपैकी एकाच मतदारसंघात ते बहुसंख्य. १९६५ च्या व्होटिंग राइट्स अ‍ॅक्टच्या कलम २ खाली, म्हणजे वंशावरून मतहक्क डावलायला मनाई करणाऱ्या कलमाखाली, दावा लागला. जानेवारी २०२२ मध्ये तीन न्यायाधीशांच्या केंद्रीय जिल्हा न्यायालयाने मतदारसंघांचा हा नकाशा अडवला, ७ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने त्यालाच स्थगिती दिली आणि ८ जून २०२३ ला ५ विरुद्ध ४ मतांनी जिल्हा न्यायालय बरोबर ठरवलं. मधली २०२२ ची निवडणूक जिल्हा न्यायालयाने अडवलेल्या त्याच नकाशावर उरकली.

सर्वोच्च न्यायालयाचं संकेतस्थळ. फुकट, लॉगिन नाही, मोबाइलवरही नीट चालतं. शोध नावाने घेऊ नका. हाच खटला सुनावणीच्या वेळी ‘मेरिल विरुद्ध मिलिगन’ होता आणि निकालाच्या वेळी ‘अ‍ॅलन विरुद्ध मिलिगन’ झाला, कारण मधल्या काळात राज्याचा सेक्रेटरी ऑफ स्टेट, म्हणजे निवडणुका पाहणारा अधिकारी, बदलला. क्रमांक २१-१०८६ मात्र तोच राहिला. फेब्रुवारीची स्थगिती मुख्य निकालांच्या यादीत शोधाल तर सापडणार नाही. ती ‘ओपिनियन्स रिलेटिंग टू ऑर्डर्स’ या वेगळ्या यादीत आहे, आणि निवडणूक तोंडावर असताना केंद्रीय न्यायालयांनी नियम बदलू नयेत या पर्सेल तत्त्वावरची न्या. कॅव्हनॉ यांची टिपणीही तिथेच वाचायला मिळते.

दुसरा घोळ वर्षाचा. तिथलं न्यायालयीन सत्र ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी सुरू होतं. मतदारसंघांच्या नकाशावरच्याच ‘लुइझियाना विरुद्ध कॅले’चा पहिला युक्तिवाद मार्च २०२५ चा, म्हणून तो २०२४ च्या सत्रात आहे, फेरयुक्तिवाद ऑक्टोबर २०२५ चा, तो २०२५ च्या सत्रात. तिसरी मर्यादा अशी, की वकिलांचे लेखी युक्तिवाद इथे नोव्हेंबर २०१७ पासूनचेच मिळतात. २०१३ च्या ‘शेल्बी काउंटी विरुद्ध होल्डर’चे हवे असतील तर दुसरीकडे जावं लागतं. त्या खटल्याचं निकालपत्र तरी मुळातूनच वाचा. मतदानाचे नियम बदलण्याआधी काही राज्यांना केंद्राची पूर्वमंजुरी घ्यायला लावणारं त्याच कायद्याचं कलम ५ रद्द झालं असं सर्रास छापलं जातं. रद्द झालं ते कलम ४(ब), म्हणजे पूर्वमंजुरी कोणाला लागू हे ठरवणारं सूत्र. ते गेल्यावर ५ कागदावर राहिलं.

युक्तिवाद थेट ऐकू येतो, चित्र नसतं. वॉशिंग्टनचे सकाळचे १० म्हणजे आपले उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसात, हिवाळ्यात साडेआठ. सराफ्यात खाण्याची दुकानं लागायची वेळ. एक कान तिकडे ठेवणं कठीणच! लेखी प्रतिलेख त्याच दिवशी येतो.

पेसर. केंद्रीय न्यायालयांची अधिकृत दप्तरसेवा. सगळं आहे, पण मांडणी जुनाट आणि मीटर सतत चालू. दर पानाला १० सेंट. एका दस्तऐवजाला कमाल ३ डॉलर, म्हणजे ३० पानांनंतर आकार थांबतो. लोक फसतात ते शोधात: नाव टाकून आलेल्या यादीचीही पानं मोजली जातात आणि तिथे ३ डॉलरची मर्यादा नाही. साक्षीपुराव्याच्या प्रतिलेखालाही नाही. न्यायाधीशांचे निकाल फुकट आहेत. तिमाहीचं बिल ३० डॉलर किंवा कमी असेल तर पूर्ण माफ, म्हणून महिन्याला १०० पानांच्या आत राहिलात तर खिशातून काही जात नाही. कार्ड व्हिसा किंवा मास्टरकार्ड घ्या आणि बँकेच्या अ‍ॅपमध्ये परदेशी ऑनलाइन व्यवहार आधी सुरू करा. आपल्याकडे ते मुळात बंदच असतात.

मिलिगनसाठी अलाबामाच्या उत्तर जिल्ह्यात २:२१-सीव्ही-०१५३० हा क्रमांक टाका. अकराव्या सर्किटच्या अपिली न्यायालयात धुंडाळण्यात अर्थ नाही. तीन न्यायाधीशांच्या अशा पीठावरून अपील थेट वर जातं.

कोर्टलिसनर. आमची पसंती हीच. फ्री लॉ प्रोजेक्ट ही ना-नफा संस्था चालवते. रीकॅप नावाचं ब्राउझर-जोड लावलेल्या कोणी पेसरवर कागद विकत घेतला, की त्याची प्रत इथे सगळ्यांना फुकट उघडी होते. त्यामुळे गाजलेले खटले भरगच्च, आडगावच्या एखाद्या काउंटीचा (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचा) दावा रिकामा. पानावर शेवटच्या नोंदीची तारीख पाहिल्याशिवाय ‘पुढे काही झालं नाही’ असं लिहू नका. मून डचिन आणि बिल कूपर या दावेदारांच्या तज्ज्ञांच्या नमुना-नकाशांचा मुद्दा निकालपत्रात थोडक्यात येतो. रेषा कुठून कशा नेल्या, कोणती काउंटी फोडली, हे पाहायला जोडपत्रंच उघडावी लागतात. ती मुख्य अर्जाच्या क्रमांकापुढे आडवी रेघ देऊन लावलेली असतात.

आपल्याकडे असं दप्तर तयारच होत नाही. उज्जैन मतदारसंघ राखीव झाल्यावर तिथल्या मेघराज कोठारी यांनी दाद मागितली, तेव्हा १९६६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की परिसीमन आयोगाच्या प्रसिद्ध आदेशाला कोर्टात आव्हान देता येत नाही. २०२४ च्या एका निकालाने दार थोडं किलकिलं केलं, इतकंच. म्हणून तिथले नकाशांवरचे वाद वाचताना इथल्या वकिलाला सुरुवातीला परकं वाटतं.

ओयेझ. ऐकण्यासाठी उत्तम: आवाज पुढे सरकतो तसा मजकूरही सरकतो, कोणता न्यायाधीश बोलतोय ते दिसतं. ध्वनिमुद्रणं १९५५ पासूनची, म्हणून मतदारसंघांच्या असमान आकारावर कोर्टाचं दार उघडणारा १९६२ चा ‘बेकर विरुद्ध कार’ही मिळतो. खटल्याचा सारांश मात्र दोन-तीन परिच्छेदांचा असतो. तेवढ्यावर लेख बेतू नका. मिलिगनमधली स्थगिती, निकालानंतरचा नवा नकाशा, २०२४ ची निवडणूक हा निकालामागचा-पुढचा भाग त्यात शोधायला गेलात तर हाती फारसं लागत नाही.