बीव्हर बेटावरचे संग्रहालय : इमारत राजाची, गोष्ट मच्छीमारांची

मिशिगनमधल्या शार्लवॉय बंदरातून 'एमरल्ड आइल' ही फेरीबोट सुटते आणि लेक मिशिगनचे सुमारे ३२ मैल कापून दोन तासांहून थोड्या अधिक वेळात बीव्हर बेटावरच्या सेंट जेम्स गावाला लागते. धक्क्यापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर १८५० साली बांधलेला जुना छापखाना आहे, आणि बेटाच्या इतिहास मंडळाने त्यातच आपले संग्रहालय मांडले आहे. आम्ही जुलैमध्ये दोन दिवसांसाठी गेलो होतो. बहुतेक पर्यटक येथे 'अमेरिकेतला एकमेव राजा' पाहायला येतात, पण माझ्या मते या वास्तूचे खरे मोल त्या राजानंतर बेटावर राहिलेल्या आयरिश कुटुंबांच्या इतिहासात आहे.

राजाचे थोडक्यात सांगतो, कारण हा छापखाना त्याचाच. मॉर्मन या अमेरिकेत उदयाला आलेल्या ख्रिस्ती पंथाच्या एका फुटीर गटाचा पुढारी जेम्स स्ट्रँग १८४८ मध्ये बेटावर आला, १८५० मध्ये त्याने अनुयायांसमोर स्वतःला राज्याभिषेक करवून घेतला आणि जून १८५६ मध्ये धक्क्यावरच त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. जुलैमध्ये तो मरण पावला. त्याच सुमारास मुख्य भूमीवरून आणि आसपासच्या बेटांवरून आलेल्या जमावाने त्याच्या दोन हजारांहून अधिक अनुयायांना हाती लागेल त्या बोटीत कोंबून बेटाबाहेर हाकलले. गावाचे सेंट जेम्स हे नाव आणि मुख्य रस्त्याचे 'किंग्ज हायवे' हे नाव मात्र कोणी बदलले नाही, याची गंमत वाटते.

मागे राहिली ती बांधलेली घरे, तोडून साफ केलेली जंगले आणि नांगराखाली आलेली शेते. काही आयरिश मच्छीमार मॉर्मनांच्या आधीपासून या पाण्यात जाळी टाकत होते आणि त्यांच्याशी खटके उडाल्यामुळे दूर गेले होते, ते परतले. त्यांच्या मागोमाग आयर्लंडच्या वायव्येकडील डोनेगॉल काउंटीतून (म्हणजे जिल्ह्यातून), विशेषतः तेथील ॲरनमोर या खडकाळ बेटावरून, नातलगांच्या निरोपांवर विसंबून कुटुंबेच्या कुटुंबे येऊ लागली. १८४५ नंतर बटाट्यावर पडलेल्या रोगाने ॲरनमोरची उपासमार झाली होती आणि त्यावर कडी म्हणून नव्या जमीनमालकाने कुळांना घराबाहेर काढले होते. ज्यांना स्वतःच्या उंबरठ्यावरून हुसकावण्यात आले, तेच दुसऱ्या हुसकावलेल्यांच्या उंबरठ्यातून आत शिरले. मला संग्रहालयात सगळ्यांत अधिक वेळ खिळवून ठेवले ते याच वस्तुस्थितीने. शिवाय मॉर्मन आणि आयरिश या दोघांच्याही आधीपासून येथे ओडावा हे मूळनिवासी लोक राहत होते, हेही विसरून चालत नाही.

बेटावरून आलेल्यांना बेटच मिळाले, म्हणूनही हे आयरिश लोक टिकले असावेत. बोस्टन-न्यूयॉर्कच्या चाळवजा वस्त्यांत गेलेल्या आयरिशांना आपली भाषा फार काळ जपता आली नाही. येथे मासेमारी तीच होती, शेजारी तेच होते आणि हिवाळ्यात सरोवर गोठले की बाहेरच्या जगाशी संबंध जवळजवळ तुटत असे. १८६६ पासून १८९८ पर्यंत येथे धर्मगुरू असलेले फादर पीटर गॅलगर आयरिश भाषेत प्रवचन करीत. कारभारसुद्धा बराच काळ बेटाच्याच हाती होता, कारण १८५५ साली स्थापन झालेल्या मॅनिटू काउंटीचे मुख्य ठाणे सेंट जेम्स हेच होते. १८९५ मध्ये विधिमंडळाने ती काउंटी मोडीत काढली आणि बीव्हर बेट शार्लवॉय काउंटीला जोडले गेले.

दफनभूमी अवश्य पाहावी. गॅलगर, बॉइल, बॉनर, ओडॉनल, पुन्हा गॅलगर, असे दगडामागून दगड वाचत गेलो, तेव्हा एकाच आडनावाने भरलेली कोकणातली आमची वाडी आठवली. तेथे जसा 'वरच्या घरातला' किंवा 'खालच्या आळीतला' असा खुलासा केल्याशिवाय माणूस ओळखता येत नाही, तसेच येथेही टोपणनावांवाचून चालत नसे. काळ्या केसांमुळे असो वा अन्य कशामुळे, एक जॉन बॉनर 'ब्लॅक जॉन' म्हणूनच ओळखला जातो.

मुख्य संग्रहालयाइतकेच मला बंदरालगतचे सागरी संग्रहालय आवडले. १९०६ साली जाळी ठेवण्यासाठी बांधलेल्या कोठारातच ते भरवले आहे, त्यामुळे वस्तू आपल्या मूळ जागीच पाहिल्यासारख्या वाटतात. व्हाइटफिश आणि लेक ट्राउट या माशांवर बेट जगत होते. पुढे समुद्रातून कालव्यांच्या वाटे सरोवरांत शिरलेल्या लॅम्प्री या रक्तशोषक माशाने ट्राउटचा फडशा पाडला आणि त्या धंद्याचे कंबरडे मोडले. २००० साली ॲरनमोर आणि बीव्हर बेट यांनी परस्परांशी अधिकृत नाते जोडले, त्यामुळे आता दोन्हीकडची माणसे आपापली घराणी जुळवून पाहायला येत-जात असतात.

कोणी जावे? ज्यांना भव्य दालने आणि चकचकीत पडदे हवेत, त्यांची निराशा होईल. ज्यांना नावे, तारखा आणि जुनी कागदपत्रे यांत रमता येते, त्यांनी दोन्ही संग्रहालयांसाठी अर्धा दिवस राखावा आणि राजाच्या भागात फार रेंगाळू नये. बेट सुमारे १३ मैल लांब आहे, त्यामुळे फिरायला वाहन लागते. आम्ही एका दुकानातून भाड्याने घेतलेल्या दोन सायकलींपैकी एकीची साखळी दर मैलाला उतरत होती आणि शेवटचा चढ मी ती ढकलतच चढलो. सायकल घेण्याआधी चालवून पाहावी. संग्रहालय मुख्यतः उन्हाळ्यात उघडे असते आणि परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ ऋतूप्रमाणे बदलते, म्हणून ती आधी विचारून घ्यावी आणि जमल्यास एक रात्र बेटावरच काढावी.