ट्रॉफीच्या दुकानातील टोपली: भुसावळच्या एका सन्मानचिन्ह-सेवेचे परीक्षण

चर्चच्या आवारात हौसेखातर बास्केटबॉल खेळणाऱ्या आमच्या गटाने जुन्या सभासदांचा सत्कार करायचे ठरवले आणि सन्मानचिन्हांचे काम भुसावळच्या बाजारातील एका लहानशा ट्रॉफीच्या दुकानाकडे सोपवले. शाल आणि श्रीफळ कोठेही मिळते. पण वर्षानुवर्षे रविवारची उपासना आटोपल्यावर त्याच सिमेंटच्या मैदानावर येत राहिलेल्या माणसाच्या हाती शोभेल अशी वस्तू तयार मिळणे अवघड असते.

दुकानातील तयार चिन्हांवर उंच उडी घेऊन रिंगमध्ये चेंडू कोंबणारा सोनेरी खेळाडू होता. आमच्या सत्कारमूर्तींत रेल्वेतून निवृत्त झालेले बरेच जण असून त्यांच्या टाचा अलीकडे जमिनीपासून फारशा सुटत नाहीत, त्यामुळे ते चिन्ह म्हणजे थट्टाच झाली असती. दुकानदारांनी विक्रीचा आग्रह न धरता, प्रत्येकाने गटासाठी नेमके काय केले ते आधी लिहून आणण्यास सांगितले. माझ्या मते या दुकानाची सर्वांत मोलाची सेवा हीच. यादी करताना उत्तम खेळाडू म्हणावा असा एखादाच निघाला. कोणी दर पावसाळ्यानंतर मैदानाच्या रेघा पुन्हा आखल्या होत्या, कोणी फाटलेली जाळी पदरमोड करून बदलली होती, आणि एका ताईंनी चेंडूला हात न लावता इतकी वर्षे गुणलेखन सांभाळले होते. पाट्यांवर मग ‘उत्कृष्ट खेळाडू’ऐवजी हीच कामे कोरली गेली.

चिन्हाची कल्पना आमची, पण ती निभावली दुकानाने. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे, वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेच्या प्रशिक्षण संस्थेत, जेम्स नाइस्मिथ यांनी हा खेळ प्रथम खेळवला, तेव्हा सज्जाच्या कठड्याला पीच फळांच्या टोपल्या टांगलेल्या होत्या. कठड्याची ती दहा फूट उंची रिंगला आजतागायत चिकटून राहिली आहे. म्हणून आम्ही चषकाऐवजी टोपली मागितली. दुकानदारांनी ओळखीच्या बुरुडाकडून बांबूच्या छोट्या टोपल्या विणून घेतल्या आणि खऱ्या रिंगच्या ४५ सेंटीमीटर व्यासाच्या एक पंचमांश, म्हणजे ९ सेंटीमीटर तोंडाची प्रत्येक टोपली सागवानी फळीवर पितळी कडीने बसवली. विणकाम घट्ट आहे, फळीच्या कडा नीट घासलेल्या आहेत, आणि पाळकसाहेबांनी ते चिन्ह व्यासपीठावर उंच धरले तेव्हा मागच्या बाकांवरूनही ते कशाचे आहे हे कळत होते.

कोरीवकामाबाबत मात्र सावध राहावे लागते. पितळी पाटीच्या पहिल्या नमुन्यात जोडाक्षरे तुटली होती आणि आमच्या मंडळींच्या नावांत वारंवार येणाऱ्या ‘ॲ’ची चंद्रकोर गळाली होती, कारण मजकूर एका प्रकारच्या फॉन्टमधून दुसऱ्यात जाताना बिघडला होता. दुरुस्ती विनामूल्य झाली. तरीही नमुना आम्ही आग्रहाने मागितला म्हणूनच तो पाहायला मिळाला, आणि ज्याच्या सन्मानासाठी वस्तू बनवायची त्याचेच नाव चुकले तर साराच खर्च वाया गेला असता.

नवख्या स्वयंसेवकांसाठी घेतलेली ॲक्रिलिकची चिन्हे निराशाजनक निघाली. त्यांवरचा मजकूर कोरलेला नसून चिकटवलेला आहे आणि खिडकीशी ठेवलेल्या चिन्हांवर त्याच्या कडा उन्हाने सुटू लागल्या आहेत. खान्देशातील उन्हाळा लक्षात घेता हा प्रकार दुकानात ठेवूच नये असे वाटते. सागवानी चिन्हाला जवळपास दुप्पट किंमत पडली, ती रास्त आहे.

वेळेच्या बाबतीतही दुकान कमी पडले. जानेवारीत शाळांची स्नेहसंमेलने आणि क्रीडामहोत्सव यांच्या मागण्यांचा ढीग लागलेला असतो, आणि आमची चिन्हे सत्काराच्या आदल्या रात्री हाती आली. मोठी मागणी असल्यास ती दिवाळी संपताच नोंदवावी, नावांची यादी टंकलिखित द्यावी, आणि चिन्ह भिंतीवर लावायचे असल्यास मागचा हूक त्याच वेळी सांगून ठेवावा, कारण तो किमतीत धरलेला नसतो.