रोजच्या वापरातला किल्ट: वर्षभराचा अनुभव आणि साखळीने खाल्लेले कापड

एडिनबर्गमध्ये गेले जवळपास वर्षभर मी आठ वारांचा, सोळा औंसी (वाराला सोळा औंस भरणाऱ्या) लोकरीचा, हातशिलाईचा किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा, चुण्यांचा घागऱ्यासारखा पोशाख, कामाच्या दिवशीही घालतो आहे. ज्या दुकानातून तो शिवून घेतला, त्या दुकानाने गेल्या महिन्यात दुरुस्तीला नकार दिला, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. मागच्या बाजूला, कमरेपासून नितंबापर्यंत चुण्या शिवून बसवलेल्या असतात त्या भागात, स्पोरनच्या (किल्टवर पुढे लटकवायच्या पिशवीच्या) साखळीने घासून दोन चुण्यांच्या कडा विरल्या. किल्ट हा समारंभाचा पोशाख आहे आणि रोजच्या वापराने झालेली झीज हमीत बसत नाही, असे दुकानाचे म्हणणे आहे. हमीच्या कागदावर असे कुठेही लिहिलेले नाही.

पैशांचा प्रश्न आहेच, कारण असा किल्ट पाचशे पौंडांच्या वर जातो आणि मी तो खर्च अनेक वर्षांच्या वापराच्या हिशेबाने केला होता. पण ‘समारंभाचा पोशाख’ हे कारण मला त्याहून अधिक लागले. कलोडनच्या लढाईत स्कॉटलंडमधले बंड मोडल्यानंतर १७४६ च्या कायद्याने हायलँडमधल्या, म्हणजे तिथल्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागातल्या, पुरुषांना आणि मुलांना किल्ट व टार्टनची (रंगीत चौकटींच्या लोकरी कापडाची) शाल वापरण्याची बंदी करण्यात आली, ती हा तिथल्या लोकांचा नित्याचा वेश होता म्हणूनच. बंदी उठली १७८२ मध्ये. पुढे १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबर्गला आला, तेव्हा कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांनी आखलेल्या सोहळ्याने या वेशाला दरबारी थाट दिला, आणि लग्नासाठी भाड्याने मिळणारा आजचा किल्ट त्याच थाटाचा वारस आहे. रोजचा वापर आधीचा आहे आणि समारंभ नंतरचा. हे स्कॉटलंडमधल्या किल्टच्या दुकानदाराला सांगावे लागते, याचे मला खरोखर वाईट वाटते.

कापडाबद्दल मात्र माझी काहीही तक्रार नाही. घेताना मला दोन शंका होत्या: एवढी जड लोकर उन्हाळ्यात सोसवेल का, आणि हिवाळ्यात उघड्या गुडघ्यांचे काय होईल. पहिली शंका जुलैतच मिटली, कारण खालून हवा खेळती राहते आणि इथला उन्हाळा आपल्या विदर्भातला नव्हे. दुसरीबद्दलचे माझे मत जानेवारीपर्यंत बदलत राहिले. गुडघे गार पडतात हे खरे, पण कमरेभोवती आणि मांड्यांवर लोकरीचे इतके थर असतात की थंडी अंगात शिरत नाही, आणि मोजे गुडघ्याच्या जरा खालपर्यंत ओढले की तासभर चालणेही सुखाचे होते. एडिनबर्गच्या वेव्हर्ली रेल्वे स्टेशनच्या पायऱ्यांवर वारा कसा घुसतो हे इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. तिथेही सगळा मिळून दोन किलोंच्या आसपास भरणारा हा किल्ट जागचा हलत नाही. त्याआधी मी पॉलिव्हिस्कोस या हलक्या मिश्र कापडाचा किल्ट वापरून पाहिला होता, आणि त्याच पायऱ्यांवर एक हात सतत मागे धरून चालावे लागे. पैसे वाचवायचे असतील तर जड कापडाचा जुना किल्ट घ्यावा, हलक्या कापडाचा नवा घेऊ नये. लांबीचे माप नीट जुळले पाहिजे एवढेच पाहावे, कारण खालची कड कापडाच्या मूळ किनारीचीच असते आणि तिथे लांबी वाढवायला काहीही शिल्लक नसते.

बसण्याची सवय लवकर होते. धोतर नेसणारा माणूस बैठकीवर बसताना निऱ्या सावरतो तसा मागून हात फिरवून चुण्या सपाट करत बसले की बसमधल्या प्रवासानंतरही घडी मोडत नाही. रात्री किल्ट टांगून ठेवावा, चिखल वाळल्यावर ब्रशने झाडावा आणि इस्त्री करण्याआधी चुण्या कच्च्या टाक्यांनी बांधून घ्याव्यात. पावसात पूर्ण भिजला तर सुकायला एक रात्र पुरत नाही, म्हणून त्यानंतरच्या दिवसासाठी घरात एक पँट असू द्यावी.

आता स्पोरन. किल्टला खिसा नसतो, आणि रोजच्या आयुष्यात खिसा लागतो. किल्ल्या, बँकेचे कार्ड, बसचे कार्ड आणि आजकालचा लांबलचक फोन या साऱ्यांसाठी हीच एक पिशवी. ती भरली की प्रत्येक पावलागणिक खाली ओढते आणि तिची पोलादी साखळी मागे लोकरीवर करवतीचे काम करते. लग्नात चार तास घालणाऱ्याला हे कधीच कळणार नाही. पुढेही तसेच होते: पिशवीच्या पाठीवरचे धातूचे टोक पुढच्या सपाट पदरावर घासते आणि तिथे कापडाला चमक येऊ लागते. पहिले काही महिने मी खिसा नसणे हाच या पोशाखाचा दोष मानत होतो. सिअॅटलच्या युटिलिकिल्ट्स कंपनीने २००० पासून सुती कापडाचे, खिशांचे किल्ट विकले आहेत, आणि एडिनबर्गच्याच हॉवी निकल्सबी यांनी १९९६ मध्ये ‘ट्वेंटीफर्स्ट सेंच्युरी किल्ट्स’ सुरू करून डेनिमपासून चामड्यापर्यंत नाना कापडांचे रोजचे किल्ट शिवले. त्या वाटेने जावे असे मलाही वाटू लागले होते. पण सुती कापड लोकरीसारखे झुलत नाही आणि पावसात गारठते, म्हणून मी थांबलो. मग लक्षात आले की पहिल्या महायुद्धात हायलँड पलटणींच्या सैनिकांनी खंदकांमध्ये केसाळ स्पोरन नेलाच नव्हता. किल्टवर बांधायच्या खाकी आवरणाला पुढे खिसा शिवलेला असे, आणि टार्टनही त्याने झाकले जाई. ज्यांना किल्ट रोज घालून काम करायचे होते, त्यांनी साखळीचा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच निकालात काढला होता.

म्हणून माझे आजचे मत असे आहे की दोष किल्टचा नाही, साखळीचा आहे. ती मी काढून टाकली. आता रुंद पट्ट्याला अडकवलेल्या दोन आखूड चामडी पट्ट्यांवर स्पोरन लटकतो, त्यामुळे मागे काहीच घासत नाही. पिशवीच्या पाठीला मऊ चामड्याचा तुकडा चिकटवला आहे. फोन जॅकेटच्या खिशात जातो. हा सगळा खर्च एका साध्या जेवणाएवढा आहे, आणि किल्टबरोबर साखळी विकणाऱ्या दुकानाने हे पहिल्याच दिवशी सांगायला हवे होते.

विरलेल्या कडांची दुरुस्ती शहराबाहेर राहणाऱ्या एका वयस्क कारागीर बाईंनी केली. त्यांनी किल्टच्याच आतल्या, न दिसणाऱ्या भागातून धागे काढून रफू केले, टार्टनच्या रेघा एकमेकींना जुळवल्या, आणि काम इतके सफाईदार झाले की जागा मलाही शोधावी लागते. रोज घालणाऱ्याचा किल्ट दुरुस्तीला आला की आनंद होतो, असे त्या म्हणाल्या.

मराठी मित्र नेहमी विचारतात, म्हणून थोडक्यात सांगतो. आपल्यासारख्यांनी टार्टन घालण्यास कसलीही मनाई नाही. बॅल्मोरलसारखा राजघराण्यासाठी राखलेला नमुना सोडून द्यावा. माझा नमुना ब्लॅक वॉच नावाचा आहे, गडद आणि मळखाऊ. टी-शर्ट आणि चालण्याचे बूट यांबरोबर तो चांगला दिसतो. आत काय घालता, हा प्रश्न परक्या माणसाने विचारू नये. पण लोकरी कापड वरचेवर धुता येत नाही, म्हणून रोजच्या वापरात आत चड्डी घालावीच.

दुकानाशी पत्रव्यवहार सुरू आहे. ब्रिटनच्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार टिकाऊपणा हा मालाच्या दर्जाचाच भाग आहे, आणि ग्राहकाने खरेदीआधी विशिष्ट उपयोग सांगितला असेल तर माल त्या उपयोगाला योग्य असावा लागतो. मी माप देतानाच ईमेलमध्ये ‘रोज घालणार आहे’ असे लिहिले होते, आणि साखळीसह स्पोरन त्यांनीच सुचवला होता. सहा महिने उलटल्यामुळे दोष मुळातला होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी माझ्यावर आहे, म्हणून रफू करण्याआधीची छायाचित्रे आणि कारागीर बाईंचे लेखी मत मी जोडले आहे. मागणी फक्त रफूच्या खर्चाची आहे. पुढच्या पत्रालाही नकार आला, तर शेरीफ कोर्टात (इथल्या स्थानिक न्यायालयात) ‘सिंपल प्रोसीजर’ या छोट्या दाव्यांच्या सोप्या पद्धतीखाली अर्ज करणार आहे.